धंदा करायचाय पण धाडस होत नाही? आधी भीतीचा हिशोब मांडा

माझं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत मसाल्याचं छोटं युनिट आहे, त्यामुळं नात्यातली, ओळखीतली, कधी कधी अगदी अनोळखी पोरंपोरी पण येऊन बसतात. मशीन कुठून घेतलं, लोन कसं मिळालं असले प्रश्न सुरुवातीला होतात आणि चहा संपत आला की खरा प्रश्न बाहेर येतो, "दादा, सगळं माहीत आहे, पण धाडस होत नाय. ते कुठून आणायचं?"

तर मला जे कळलंय ते पायरी-पायरीनं लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. धाडस अंगात येईल, मग मी सुरू करीन, अशी वाट बघत बसलात तर ते येत नाही. भीती ही एक गोष्ट नसते, चार-पाच वेगवेगळ्या भीत्या एकत्र गोळा होऊन बसलेल्या असतात. त्या सुट्या करून एकेकीचा आकडा काढला की बरीचशी भीती निघून जाते, आणि जी राहते ती खरी असते, तिच्यासाठी तयारी करता येते. चिकाटीचं पण तसंच आहे, नुसत्या जिद्दीवर कोण टिकत नाही, टिकायची सोय आधी करून ठेवावी लागते.

पायरी १ : वही घ्या आणि भीती लिहून काढा

मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहा. "फेल गेलो तर?" असं मोघम लिहायचं नाही. फेल गेलो म्हणजे नेमकं काय होईल? किती रुपये जातील? कुणाचे जातील? नोकरी परत मिळायला किती महिने लागतील? लोक काय म्हणतील असं वाटतंय ना, मग कोणते लोक, त्यांची नावं लिहा. बहुतेकांची यादी पाच-सहा नावांवर थांबते, त्यात एक चुलते असतात, एक सासरकडचं कोणीतरी असतं आणि एक-दोन वर्गमित्र. एवढ्याच माणसांसाठी आपण इतकी वर्षं थांबलोय हे कागदावर दिसलं की माणूस जरा सरळ बसतो.

मग दोन आकडे ठरवा. पहिला, किती पैसे पूर्ण बुडाले तरी घर चालेल. दुसरा, कशाला अजिबात हात लावायचा नाही. माझं मत स्पष्ट आहे, राहतं घर, आईचं सोनं आणि वडिलांचा सातबारा या तीन गोष्टी पहिल्या धंद्यासाठी गहाण टाकायच्या नाहीत. लोक म्हणतील रिस्क घेतल्याशिवाय काय मिळत नाही, पण ही रिस्क तुमची एकट्याची नसते, घरातल्या ज्या माणसांनी हो म्हणलेलं पण नसतं त्यांची असते. बुडीताचा आकडा छोटा असला तर धंदा छोटा सुरू करा, एवढंच.

पायरी २ : आधी दुसऱ्याच्या हाताखाली शिका

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाईवाल्यांकडं बघा. सोनं-चांदी गाळायचा हा व्यवसाय घेऊन आपल्याकडची माणसं देशभर पसरली, पार दक्षिणेत आणि उत्तरेत जिथं भाषा पण येत नाही अशा शहरांत जाऊन त्यांनी दुकानं टाकली. दुष्काळी भागातली, हातात फारसं भांडवल नसलेली पोरं. त्यांच्याकडं हे धाडस कुठून आलं? पोरगं आधी मामाच्या नाहीतर गावातल्या कुणाच्या दुकानात कामाला जायचं, भट्टी शिकायचं, गिऱ्हाईक ओळखायला शिकायचं, आणि हात बसला की मग स्वतःचं काढायचं. म्हणजे दुकान टाकायच्या दिवशी त्याला तो धंदा नवीन नसायचाच.

तुम्हाला पण हेच करता येईल. बेदाण्याचं करायचं डोक्यात असेल तर एक सीझन तासगावात शेडवर किंवा कोल्ड स्टोअरेजला काम करा, सौद्याला म्हणजे लिलावाला उभं राहा, रंग आणि साईज बघून भाव कसा फुटतोय ते बघा. फॅब्रिकेशन करायचं असेल तर पलूस, कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत वर्कशॉपला लागा. स्ट्रॉबेरीचं करायचं असेल तर महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन फळ किती लवकर खराब होतं ते डोळ्यानं बघा, मग कळेल की तिथं जॅम-सिरपचा उद्योग का वाढला (मॅप्रो पाचगणीत १९५९ साली सुरू झाली ती याच भागातल्या फळांवर). पगार कमी मिळाला तरी चालेल, शिकताना पैसे भरावे लागत नाहीत हेच खूप आहे.

ट्रेनिंग पाहिजे असेल तर जिल्ह्यात आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, लीड बँकेमार्फत चालते, ग्रामीण भागातल्या मुलामुलींना राहण्या-खाण्यासकट मोफत शिकवतात. एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे पण कार्यक्रम असतात. जा, पण सर्टिफिकेटसाठी जाऊ नका, तिथं भेटणाऱ्या माणसांसाठी जा.

पायरी ३ : नोकरी न सोडता विकून बघा

इथं सगळ्यात जास्त लोक उलटं करतात. आधी गाळा, मग मशीन, मग बोर्ड, मग उद्घाटनाला आमदार, आणि गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी. तुम्ही गिऱ्हाईकापासून सुरू करा.

माल थोडा बनवा, दुसऱ्याच्या चक्कीवर दळून घ्या, दुसऱ्याच्या मशीनवर पॅक करून घ्या, आणि अनोळखी माणसाला विका. अनोळखी म्हणतोय हे नीट वाचा. मावशीनं घेतलेलं पाकीट धरायचं नाही, मित्रानं घेतलेलं पण धरायचं नाही, ते तुमच्यावरच्या मायेनं घेतात. आठवडी बाजारात बसा, रविवारी सोसायट्यांमध्ये फिरा, एखाद्या मेसवाल्याला, केटररला गाठा. आणि पहिल्या विक्रीवर खूश होऊ नका, तोच माणूस आपणहून दुसऱ्यांदा मागतोय का ते बघा. परत येणारं गिऱ्हाईक हीच खरी परीक्षा.

विकायची लाज वाटते हे मला बरेच जण सांगतात, ग्रॅज्युएट झालोय आणि पिशवी घेऊन दारोदार कसं फिरू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओगले काच कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री गावोगाव फिरून केली होती. ज्यांनी पुढं रयत शिक्षण संस्था महाराष्ट्रभर नेली त्यांनी कंदील आणि नांगर विकलेत, तेव्हा आपण मसाल्याचं पाकीट विकायला हरकत नाही.

आता थोडं किर्लोस्करांबद्दल, कारण चिकाटीचा विषय निघाला आणि सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचं नाव निघालं नाही असं होणार नाही. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते, लोखंडानं जमिनीत विष उतरतं असा समज होता, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट सगळे सांगतात आणि "बघा किती जिद्द" म्हणून सोडून देतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. लक्ष्मणराव त्याच्या आधीपासून बेळगावात सायकलींचा धंदा करत होते, कडबा कापायचं यंत्र पण बनवत होते. नांगर विकला जात नव्हता तेव्हा हाताशी काहीच नाही अशी त्यांची स्थिती नव्हती. पुढं बेळगावातली कारखान्याची जागा पण सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर वाडी उभी राहिली. दोन वर्षं थांबायचं असेल तर त्या दोन वर्षांची भाकरी कुठून येणार ते आधी ठरवावं लागतं. तुमच्यासाठी ती भाकरी म्हणजे सध्याची नोकरी आहे, म्हणून ती घाईनं सोडू नका.

पायरी ४ : आकडा काढा, भीती निम्मी होते

ही पायरी कंटाळवाणी वाटेल पण माझ्या मते धाडस इथंच तयार होतं. हळदीचं उदाहरण घेतो, सांगलीत बसून दुसरं काय घेणार. खालचे भाव समजून घ्यायला धरलेत, तुम्ही बसाल त्या दिवशी मार्केट यार्डातला भाव घाला, जीएसटी सोपं व्हावं म्हणून बाजूला ठेवलाय.

समजा हळकुंड १५० रुपये किलोनं मिळालं. साफ करताना आणि दळताना घट येते तिचे ८ रुपये. दळायचे १२. पाकीट आणि लेबल १२. गाडी, पेट्रोल, फिरणं १५. झाले १९७ रुपये किलोला. पाकिटावरची किंमत २६० ठेवली आणि दुकानदाराला १५ टक्के म्हणजे ३९ रुपये सोडले तर तुमच्या हातात २२१ येतात. उरले २४ रुपये किलोमागं. आता घरखर्च १८,००० धरा, गाळाभाडं ६,०००, लाईट-फोन-किरकोळ ३,०००, असे महिन्याला २७,००० लागतात. सत्तावीस हजाराला चोवीसनं भागा, ११२५ किलो. एक दुकान महिन्याला २० किलो खपवत असेल तर ५६ दुकानं पाहिजेत.

आता बघा काय झालं. "माझा धंदा चालेल का" ही भीती होती, तिचा प्रश्न झाला "मला ५६ दुकानं मिळतील का". या प्रश्नावर काम करता येतं. सांगली, मिरज, कुपवाड मिळून रोज दोन दुकानात जायचं म्हटलं तर महिना-दीड महिन्यात कळतंय की किती जण माल ठेवून घेतात. अजून एक करता येतं, ३०० किलो माल दुकानाशिवाय थेट मेस, हॉटेल, केटरर यांना २४० रुपयांनी दिला तर किलोला ४३ सुटतात, म्हणजे १२,९०० तिथूनच आले, राहिलेल्या १४,१०० साठी साधारण ५८८ किलो, म्हणजे ३० दुकानं. छप्पन्नाची तीस झाली. हे वहीत बसून झालं, अजून एक रुपया घातलेला नाही.

आणि हाच हिशोब वाईट बातमी पण आधीच देतो. ११२५ किलोचा महिन्याचा माल सव्वादोन लाखाच्या आसपास जातो, हळकुंड रोखीनं घ्यावं लागतं आणि दुकानदार दीड महिन्यानं पैसे देणार, म्हणजे सव्वातीन लाख रुपये कायम बाजारात फिरत राहणार. मशीनचे पैसे वेगळे. नवीन माणूस मशीनचं लोन काढतो आणि या खेळत्या भांडवलाचा विचारच करत नाही, मग तीन महिन्यांनी ऑर्डर असते पण माल घ्यायला पैसे नसतात. आपल्याकडं धंदे बंद पडायचं हे मोठं कारण मी डोळ्यानं बघतोय, आणि लोक त्याला नशीब म्हणतात.

किलोला २४ रुपयेच उरत असतील आणि हळकुंडाचा भाव २० रुपयांनी वाढला तर काय? हा प्रश्न पण वहीत लिहा. उत्तर येत नसेल तर अजून सुरू करू नका.

पायरी ५ : पैसे

आधी घराचे पैसे. किमान एक वर्षाचा घरखर्च वेगळ्या खात्यात, नाही जमलं तर सहा महिन्यांचा आणि घरात दुसऱ्या कुणाचा तरी पगार. या खात्याला धंद्यासाठी हात लावायचा नाही. चिकाटी चिकाटी म्हणतात ना, ती या खात्यात असते असं माझं पक्कं मत आहे, कारण घरात किराणा भरलेला असला की माणूस पडलेल्या दिवशी पण दुकानं फिरू शकतो.

मग लोन. मुद्रा लोन तारण न ठेवता मिळतं, शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्यामध्ये मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखापर्यंत आणि सर्व्हिसला २० लाखापर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, जनरल कॅटेगरीला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी, महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचे १० नाहीतर ५ टक्के घालावे लागतात. ही सबसिडी तुमच्या हातात येत नाही हं, ती बँकेत तीन वर्षं राहते आणि युनिट चालू असेल तर कर्जात वळती होते. खाण्याच्या पदार्थांचं करत असाल तर पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना बघा, त्यात ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख सबसिडी आहे. मराठा समाजातल्या मुलांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. आकडे आणि मुदती बदलत असतात म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन ताजं विचारून घ्या, तिथं विचारायला पैसे लागत नाहीत.

सबसिडी आहे म्हणून धंदा निवडू नका. आणि "फाईल करून देतो, टक्केवारी द्या" म्हणणाऱ्या एजंटाकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेऊ नका. तुमचीच वही, पायरी चारमधली, ती टाईप करा. बँकेत साहेब विचारतात महिन्याला किती विकणार, कुणाला विकणार, आणि एजंटानं केलेल्या फाईलवाला पोरगा तिथंच अडखळतो. तुम्ही तीस दुकानांची नावं सांगितलीत तर बोलणंच वेगळं होतं. जायच्या आधी सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर तपासा, मोबाईलचा थकलेला ईएमआय पण तिथं दिसतो.

नकार येईल. एका बँकेनं मला दोन वाक्यांत परत पाठवलं होतं, कारण पण सांगितलं नव्हतं. तेव्हा मला माणदेशी बँकेची गोष्ट कुणीतरी सांगितली. माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला कारण प्रवर्तक बायकांमधल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि परत गेल्या, नीट वाचायला येत नसलं तरी व्याजाचा हिशोब तोंडी येतो, विचारा, असं सांगायची त्यांची तयारी होती. १९९७ ला बँक सुरू झाली. यातून घ्यायचं ते असं की नकाराचं कारण लेखी किंवा तोंडी, पण नेमकं विचारून घ्या आणि ते कारण दुरुस्त करून परत जा. कारण न विचारता नुसतं दुसऱ्या बँकेत गेलात तर तोच नकार दुसऱ्यांदा मिळतो.

पायरी ६ : कागदपत्रं

याची उगाच भीती बाळगू नका. उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी सरकारी वेबसाईटवर आधार आणि पॅनवर फुकट होतं, पैसे मागणारी वेबसाईट दिसली की ती सरकारी नाही. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टला ऑनलाईन माहिती कळवली की पुरतं. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच, घरातून करत असलात तरी. जीएसटी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखापर्यंत आणि सर्व्हिसला २० लाखापर्यंत सक्तीचा नाही, पण माल बेळगाव-विजापूरला म्हणजे कर्नाटकात द्यायचा असेल तर आधीच घ्यावा लागतो. करंट अकाऊंट पहिल्या दिवसापासून वेगळं. बस.

पायरी ७ : घरी कसं सांगायचं

ही पायरी कागदपत्रांपेक्षा शंभर पट अवघड आहे.

आईवडील विरोध करतात तेव्हा ते तुमच्या विरोधात नसतात हे आधी डोक्यात पक्कं करा. त्यांनी दुष्काळ बघितलेला असतो, उसाचं बिल थकलेलं बघितलेलं असतं, भावकीत कुणाचा तरी धंदा बुडून जमीन विकलेली बघितलेली असते. महिन्याच्या एक तारखेला पगार येणं म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि लग्नाचा विषय असतोच, "नोकरी सोडलीस तर पोरगी कोण देणार" हे वाक्य प्रत्येक घरात होतं, त्यात खोटं काही नाही, खरंच स्थळं येताना अडचण होते.

म्हणून घरी स्वप्न सांगू नका, वही दाखवा. "आबा, एवढे पैसे घालणार आहे, एवढे बुडाले तर थांबणार आहे, घराला आणि जमिनीला हात लावणार नाही, घरखर्चाचे पैसे या खात्यात आहेत, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत एवढी विक्री झाली नाही तर मी परत नोकरी बघणार." एवढं बोला आणि गप्प बसा. वडील लगेच हो म्हणणार नाहीत. दोन-चार दिवसांनी जेवताना विचारतील, "ते दुकानदार पैसे किती दिवसांनी देतात म्हणलास?" तिथं समजायचं की ते तुमच्या बाजूनं विचार करायला लागलेत. दिलेली तारीख मात्र पाळायची, नाहीतर पुढच्या वेळी वहीला किंमत राहत नाही.

ताईंसाठी थोडं वेगळं लिहितो कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. घरातून लोणचं, चटणी, शिवणकाम करणाऱ्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं धंदा करतात आणि त्याला "हातभार" म्हणतात, मजुरी धरत नाहीत, गॅस धरत नाहीत. स्वतःच्या तासांचे पैसे हिशोबात धरा, म्हणजे भाव बरोबर लावता येईल. खातं स्वतःच्या नावावर आणि त्याचं एटीएम स्वतःकडं. बचत गटात असाल तर उमेद किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) या बचत गटांसाठीच्या सरकारी यंत्रणांच्या माणसांकडून प्रदर्शनं, स्टॉल, कर्ज यांची माहिती घ्या. सासूबाईंना पटत नसेल तर त्यांना पॅकिंगला, चव बघायला बरोबर घ्या, बऱ्याच घरांत मी बघितलंय की विरोध करणाऱ्या सासूबाई नंतर गिऱ्हाईकाशी सगळ्यात चांगलं बोलतात.

गावातल्या बोलण्याचं काय करायचं? काही नाही. कट्ट्यावर उत्तर देत बसू नका, आणि सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगत पण फिरू नका.

पायरी ८ : उधारी

सुरू झालं, माल जातोय, आता खरी कसोटी. आपल्याकडं "नाही" म्हणायला जड जातं, आणि समोरचा ओळखीचा, पाहुण्यातला असला तर अजूनच. "पुढच्या आठवड्यात बघू की मालक, पळून चाललोय का?" असं हसत म्हणलं की आपण पण हसून परत येतो.

नियम पहिल्या दिवशीच सांगा. पहिला माल रोख. दुसऱ्यापासून ठरलेल्या रकमेपर्यंत उधार, मागचं बिल आल्याशिवाय पुढचा माल नाही. वसुलीचा वार ठरलेला ठेवा आणि त्या वारी पैसे येणार नाहीत असं माहीत असलं तरी जा, दिसलं पाहिजे की हा माणूस येतो.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. एमएसएमईडी हा छोट्या उद्योगांसाठीचा कायदा २००६ चा, त्यात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय इन्कम टॅक्सच्या नियमानुसार ठरलेल्या मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही, त्यामुळं मार्च जवळ आला की अकाऊंट डिपार्टमेंट स्वतःहून फोन उचलायला लागतं. बिलावर उद्यम नंबर छापा.

पायरी ९ : टिकायचं कसं, आणि थांबायचं कधी

महिन्यातून एक दिवस वही घेऊन बसा. किती नवीन गिऱ्हाईक आलं, किती जुनं परत आलं, किती पैसे बाहेर अडकलेत. गिऱ्हाईक परत येतंय पण पैसे उरत नाहीत तर भाव नाहीतर खर्च चुकलाय, धंदा चांगला आहे, चिकाटी धरा. गिऱ्हाईक परतच येत नसेल तर माल बदला, तिथं चिकाटी धरून उपयोग नाही, तो हट्ट होतो.

एकटं राहू नका. महिन्यातून एकदा आपल्यासारख्याच दोन-तीन धंदेवाल्यांना भेटा, वेगळ्या लाईनीतले असले तर अजून चांगलं. घरी सांगता येत नाहीत अशा गोष्टी तिथं सांगता येतात, आणि रात्री झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल तर ते पण सांगा, गरज वाटली तर डॉक्टरला दाखवा. धंद्यापायी तब्येत घालवलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत.

आणि पूर. कृष्णाकाठी धंदा करायचा म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ विसरून चालत नाही. हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली, पिढ्यान् पिढ्यांची साठवण होती ती. गाळा घेताना मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा, भाडं हजार रुपये जास्त पडलं तरी उंचावरचा घ्या. पाच कोटीपर्यंतच्या मालमत्तेसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची पॉलिसी आहे, त्यात पूर धरलेला असतो, मशीन आणि माल दोन्हीचा विमा काढा. स्टॉकची यादी आणि फोटो दर महिन्याला मोबाईलवरून ईमेलला टाकून ठेवा, क्लेमच्या वेळी भिजलेलं रजिस्टर वाचता येत नाही.

नोकरी कधी सोडायची? ठरवलेल्या विक्रीचा निम्मा आकडा सलग काही महिने गाठला, घरखर्चाचं खातं भरलेलं आहे आणि रविवार-संध्याकाळ पुरत नाही म्हणून ऑर्डर सोडाव्या लागतायत, तेव्हा. नीट नोटीस देऊन, साहेबांशी गोडीनं बोलून सोडा, पहिलं मोठं गिऱ्हाईक कधी कधी जुन्या कंपनीतूनच मिळतं.

आणि समजा बुडीताचा ठरवलेला आकडा गाठला तर थांबा, नवीन कर्ज काढून ओढू नका. बंद करणं पण एक काम आहे आणि ते नीट केलं तर परत उभं राहता येतं. आधी कामगारांचा पगार द्या, मग ज्यांच्याकडून माल घेतला त्यांचे पैसे, एकदम जमत नसेल तर स्वतः जाऊन हप्ते बांधून घ्या, फोन बंद करून बसू नका. बँकेला हप्ता चुकायच्या आधी कळवा. मशीन भंगारात टाकू नका, त्याच लाईनीतल्या माणसाला विका, दुप्पट येतात. जीएसटी नंबर असेल तर तो रद्द करायचा अर्ज करा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा, ते राहिलं तर दंड चढत राहतो आणि पुढचा नंबर काढताना हेच आडवं येतं.